एक्केचाळीस नंबरची बोअर

पत्र इंग्रजीत होतं. पास्कलने ते वाडीच्या बांधावर उभ्याउभ्या वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि केळींना पाणी सोडायला गेला. दोन दिवस त्याने कोणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो नेहमीसारखा मेहुण्याकडे जेवायला गेला, तर कॉन्रॅडने ताटावर बसायच्या आधीच विचारलं, "पोस्टमन सांगत होता, कंपनीचं पत्र आलंय. पेन्शन वाढली वाटतं?"

"नाही," पास्कल म्हणाला.

"मग कापली?"

पास्कलने खिशातून पत्र काढून त्याच्यापुढे ठेवलं. कॉन्रॅड शाळेत मास्तर होता. त्याने पत्र वाचलं, तसं त्याचं हसू गेलं आणि त्याने आईकडे पाहिलं. बेला चुलीपाशी मासे तळत होती. ती पास्कलची सासू. वय अठ्ठ्याहत्तर, पण अजून चूल सुनेच्या हाती दिली नव्हती.

"वाच ना मोठ्याने," ती म्हणाली. "माझ्यापासून काय लपवता?"

कॉन्रॅडने मराठी करत करत वाचलं. मौजे धानोली येथील अमुक सर्व्हे नंबरची जमीन खाणीच्या डम्पसाठी घेतली आहे. त्या जमिनीत आपल्या पत्नी सालोमी यांची कबर असल्याचं गावकऱ्यांनी कळवलं आहे. ३१ डिसेंबर १९८४ पूर्वी अवशेष हलवावेत. त्यानंतर कंपनीची जबाबदारी राहणार नाही.

तव्यावरचा मासा करपायला लागला, तरी बेलाने तो उलटला नाही.

"डम्प म्हनजे काय?" तिने विचारलं.

कॉन्रॅडने पास्कलकडे पाहिलं. हे त्याच्या शाळेतल्या पुस्तकात नव्हतं.

"पूर्वी तिकडे कोळसा जमिनीच्या आत शिरून काढायचे," पास्कल म्हणाला. "आता वरची सगळी जमीन बाजूला करतात आणि उघड्यावर काढतात. एक टोपली कोळसा काढायला चार-पाच टोपल्या माती-दगड काढावा लागतो. तो कुठेतरी टाकायला लागतो. त्याचा डोंगर होतो. त्याला डम्प म्हणतात."

"आनि तो माझ्या सालोमीवरच टाकायचा? दुसरी जागा नाही त्यांना?"

पास्कलला खोटं बोलता आलं असतं. कॉन्रॅडला यातलं काही कळत नव्हतं.

"खाली कोळसा असेल त्या जागेवर डम्प टाकत नाहीत," तो म्हणाला. "तो कोळसा काढायच्या वेळी सगळा ढीग पुन्हा हलवावा लागेल. म्हणून जिथे कोळसा नाही अशी जागा शोधतात."

बेलाने तवा खाली उतरवला. मग ती त्याच्याकडे वळली.

"तू मला लिहिलं होतंस. सालोमीला जिथे ठेवलंय तिथे खाली कोळसा नाही, म्हनून तिथे कोनी कधी कुदळ लावनार नाही. कॉन्रॅडने वाचून दाखवलं होतं. असंच लिहिलं होतंस ना?"

"असंच लिहिलं होतं."

"मग?"

"कुदळ लावणार नाहीत, मामी. वरून टाकणार आहेत."

"तीस वर्षं जमिनीच्या पोटात बघत होतास," बेला म्हणाली, "आनि वरून काय पडेल ते एकदा मान वर करून बघितलं नाहीस."

पास्कलने ताट पुढे ओढलं. तो जेवला. मासा करपलेला होता, तोही त्याने संपवला.

*

पास्कल १९५०मध्ये वसई सोडून गेला होता आणि चार वर्षांपूर्वीच पेन्शनीत परतला होता. चार भावांत सव्वा बिघा वाडी, त्यात पानवेल आणि केळी. चौघांना पुरणार नव्हती. कोणीतरी सांगितलं म्हणून तो नागपूरकडे बोअर मारणाऱ्या टोळीत मदतनीस म्हणून लागला आणि पुढे ड्रिलर झाला. काम एकच. मशीन उभं करायचं, पोकळ पाइप जमिनीत फिरवत न्यायचा, त्याच्या आत अडकून आलेला दगडाचा लांब गोल तुकडा वर काढायचा आणि लाकडी पेटीतल्या पन्हाळीत ओळीने मांडायचा. त्या तुकड्याला कोर म्हणत. किती फुटांवर काय लागलं ते वरून खाली ओळीने लिहायचं, तो लॉग. मग मशीन उचलून पाव मैलावर पुढची बोअर.

लग्न झाल्यावर सालोमी तिकडे गेली. मूलबाळ झालं नाही. पंचवीस वर्षं ती पत्र्याच्या खोल्यांत आणि तंबूंत राहिली. शेवटची सात वर्षं वर्धा नदीच्या काठाला धानोलीत. १९७७च्या ऑगस्टमध्ये तिला कावीळ झाली. नदीला पूर होता, दोन्हीकडचे रस्ते बंद. बाराव्या दिवशी ती गेली. वसईला आणायचा प्रश्नच नव्हता. बेलाला तारसुद्धा आठ दिवसांनी मिळाली.

तेव्हा जागा पास्कलनेच निवडली. धानोलीच्या जिजाबाईच्या पडीक तुकड्यात त्याने सहा वर्षांपूर्वी एक्केचाळीस नंबरची बोअर मारली होती. ती कोरडी निघाली. कोळशाची बोटभर पट्टीही नव्हती. त्या भागात जमिनीखाली पोखरायच्या खाणीच तेवढ्या होत्या, उघड्या खाणीची गोष्टही कोणी काढत नव्हतं. पास्कलने साधा हिशोब केला. जिथे कोळसा आहे तिथे आज ना उद्या माणूस पोहोचणार, जिथे नाही तिथे कोणी फिरकणार नाही. जिजाबाईने जागा दिली. हाच हिशोब त्याने पत्रात बेलाला लिहिला होता. ड्रिलर नसता तर त्याने गावाजवळच्या आंब्याखाली जागा मागितली असती आणि सालोमी आजही तिथे निवांत असती.

*

बेलाचं म्हणणं सरळ होतं. तिला घरी आण. गावच्या सिमेट्रीत त्यांच्या घराची कबर होती, काही वर्षांनी तीच उघडून घरातल्या पुढच्याला ठेवायचे. तिच्यात शेवटचं कोणाला ठेवून नऊ वर्षं झाली होती. फादरशी बोलून ती उघडता आली असती.

पास्कल हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. "बघतो," म्हणाला.

बेला त्याच्याशी बोलायची थांबली. जेवण कॉन्रॅडबरोबर डब्यातून येऊ लागलं. डबा भरलेला असे, त्यात कमी काही नसे. फक्त पास्कलला बोलावणं नसे.

"अरे, हो म्हणून टाक," चौथ्या दिवशी कॉन्रॅड म्हणाला. "घरात मला जगू देत नाही ती. सही तुझीच लागते, नाहीतर मीच गेलो असतो."

"तू गेलास तरी तुला सापडणार नाही."

"क्रूस असेल ना?"

"क्रूस दोनदा पडला. त्या मातीत काही सरळ उभं राहत नाही. नंतर लावला तो अंदाजाने लावला. बोअरचा पाइप आहे जमिनीत, त्याच्यापासून मापायला लागेल. ते मलाच ठाऊक आहे."

"मग जा ना."

पास्कल रहाटाच्या चाकाला तेल घालत राहिला.

त्याला वाटत होतं ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. वर दीडशे फूट दगड पडला तर पडू दे. जमिनीत खोल असण्याची त्याला कधी भीती वाटली नव्हती. जमीन अशीच बनते, एकावर एक पडून. कोळसा म्हणजे तरी काय, गाडलं गेलेलं रानच. खोल आहे ते शाबूत राहतं. त्याला भीती होती ती वर काढण्याची. त्याने हजारो फूट कोर वर काढला होता. खालून निघतो तेव्हा कोळसा काचेसारखा चमकतो. उन्हात दोन दिवस ठेवला की त्याला तडे जातात आणि आठवड्यात हाताने चुरा होतो. सालोमी त्याला आठवत होती ती काविळीच्याही आधीची, धानोलीच्या पत्र्याच्या खोलीबाहेर टोमॅटोची रोपं लावणारी. आठ फूट खाली आता काय असेल ते त्याला बघायचं नव्हतं.

*

आठव्या दिवशी सकाळी बेला स्वतः आली. तीन वाड्या ओलांडून, काठी टेकत. ओट्यावर बसली, पाणी मागितलं, प्याली.

"मला ती जमीन सांग," ती म्हणाली.

"कसली जमीन?"

"तिथली. वरपासून खालपर्यंत. सात वर्षं मी डोळे मिटले की मला काळं दिसतं. कोळशात टाकलीय पोरीला, असं. तू नऊ पानी पत्र लिहिलंस पन त्यात जमीन कशी आहे ते एक ओळ नाही. ड्रिलर ना तू? सांग."

पास्कल तिच्यासमोर खाली बसला. त्याला वाटलं, हे तर आपण रोज लिहीत होतो.

"सगळ्यात वर काळी माती. सहा-सात फूट," तो म्हणाला. "आचोळ्याच्या भातखाचरात पावसाळ्यात चिखल असतो ना, चप्पल ओढून घेणारा, तसली. पण ती तिथे बाराही महिने हलत असते. पावसात फुगते, मे महिन्यात तडकते. भेग अशी पडते की माझा हात खांद्यापर्यंत आत जायचा. सालोमीच्या बांगड्या एकदा भेगेत पडल्या. काढायला गेलो तर दिसेनात. पावसानंतर भेग मिटली, बांगड्या आतच."

"सोन्याच्या?"

"काचेच्या."

"मग ठीक. पुढे."

"त्या मातीत घर बांधलं तर भिंत फाटते. म्हणून तिला काळ्या मातीत ठेवली नाही. आठ फूट खोदायला लावलं. खोदणारे कुरकुर करत होते, सहा पुरे म्हणून. पण सात फुटांच्या खाली पिवळा मुरूम लागतो. तो हलत नाही. त्यात पाणीही साठत नाही. ती मुरमात आहे."

"कामणच्या रस्त्याला टाकतात तसला मुरूम?"

"तो लाल. हा पिवळा, आणि त्यात चुन्याचे पांढरे खडे. शेंगदाण्याएवढे."

बेलाने मान हलवली. "म्हनजे काळं नाही तिथे."

"काळं नाही. मुरमाखाली लाल दगड. आपल्या किनाऱ्यावरची रेती घट्ट आवळून दगड केली आणि गंज चढवला तर कसा दिसेल, तसा. हाताला खरखरीत. त्यात पाणी असतं. गावच्या विहिरी त्यातच. आपल्याकडे पंधरा फुटांवर गोडं पाणी आणि अधिक लोभ केला की खारं. तिथे जितकं खाली जाल तितकं पाणी गोड. सालोमीला त्याचं फार कौतुक वाटायचं. म्हणायची, एकदा आईला हे पाणी पाजायला पाहिजे."

बेलाने हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"लाल दगडाच्या खाली राखाडी-पांढरा दगड," तो पुढे म्हणाला, "आणि त्याच्या पोटात कोळसा. काही ठिकाणी पन्नास फूट जाड. कोळशाच्या वर आणि मध्ये काळपट पाटीसारखा दगड असतो. तो फोडला की आत पानांचे ठसे. जिभेसारखी लांबट पानं, शिरासुद्धा मोजता येतात. ती झाडं आता जगात कुठे नाहीत, साहेब सांगायचे."

"आनि कोळशाच्या खाली?"

"हिरवा दगड. शेवाळी हिरवा. तो दिसला की आम्ही मशीन बंद करायचो. त्याच्या खाली कोळसा कधी नसतो. सालोमीच्या इथे काय झालं, काळी माती, मुरूम, लाल दगड, आणि नव्वद फुटांवर एकदम हिरवा. मधला कोळशाचा थरच नाही. फार पूर्वी नदीने तो धुऊन नेला. मग त्यावर लाल रेती येऊन पडली. म्हणून ती जागा घेतली मी."

"शहाना," बेला म्हणाली. पण त्यात पूर्वीची धार नव्हती. "पेटी कसली होती?"

"कोरच्या पेट्या फोडून त्यांच्या फळ्यांची केली. सागवानी. पुरात दुसरं लाकूड मिळत नव्हतं. फळ्यांना पन्हाळी होत्या. आतून मी चादर लावली."

"कोनती चादर?"

"तुम्ही दिलेली. लग्नातली. निळ्या काठाची."

बेला बोटांवर मोजू लागली. "आपल्या रेतीत तीन वर्षांत सगळं स्वच्छ होतं. तुझ्या त्या मुरमात सात वर्षं. पुरे झाली. आता तिथे फक्त हाडं असतील. वास नसेल, काही नसेल. घाबरन्यासारखं काही नसेल."

"मी घाबरलो म्हणून कोणी सांगितलं?"

"कॉन्रॅडच्या बापाला उघडलं तेव्हा मी पन घाबरले होते," बेला म्हणाली. "चार दिवस जेवले नव्हते. मग खड्ड्यात बघितलं. रेतीत तो असा पडला होता, पांढरा, आनि पायाची बोटं, ती वाकडी बोटं, तशीच वाकडी. मला हसू आलं. फादरसमोर. मी म्हटलं, मेल्या, तू तर आहेस तसाच आहेस."

पास्कलने तिच्याकडे पाहिलं. ती आताही हसत होती.

"इथे आणली तरी पाच-सहा वर्षांनी ती कबर पुन्हा उघडणार," तो म्हणाला. "दुसरं कोणी त्यात जाणार. हिची हाडं सिमेट्रीच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात, सगळ्यांच्यात. त्यापेक्षा तिथे तिला पुन्हा कोणी हात लावणार नाही. दीडशे फूट वर असेल."

"त्या खड्ड्यात माझी आई आहे. माझी सासू आहे, आयुष्यभर माझ्याशी भांडली ती. कोन कोनाचं हाड ते देवाला ठाऊक. पन सगळी आपली आहेत. तुझ्या त्या डोंगराखाली तिच्याशी बोलायला कोन आहे?"

पास्कल उठला. मग म्हणाला, "पांढरं कापड लागेल."

"आनलंय," बेला म्हणाली आणि कमरेची घडी काढून त्याच्यापुढे ठेवली. "पायांकडून सुरुवात कर. डोकं शेवटी. आनि मजुरांना हात लावू देऊ नकोस."

*

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो धानोलीत उतरला. गाव तिथेच होतं, पण गावामागे एक डोंगर होता. पास्कल त्या मुलखात तीस वर्षं फिरला होता, सगळीकडे सपाट जमीन, दृष्टी पोहोचेल तिथे कापूस आणि तूर. डोंगराचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट होता आणि त्यावर डम्पर मुंगीएवढे दिसत होते. तो जवळ गेला तसे रंग दिसू लागले. खाणीत सगळ्यात वर असलेली काळी माती आधी काढली होती, म्हणून ती ढिगाच्या तळाला होती. तिच्यावर पिवळा मुरूम, त्यावर लाल दगड आणि सगळ्यात वर राखाडी. जमीन उलटी मांडली होती. लॉग खालून वर वाचावा तशी.

जिजाबाई रस्त्यावरच भेटली. डोक्यावर पदर, हातात विळा.

"आले का पास्कलभाऊ! मी म्हनलं येता का नाही येत. म्याच सांगतलं साहेबाले, तिथं आमची सालोमीबाई हाय, पत्र धाडा म्हनून."

"तुमची जमीन गेली."

"गेली जी. पडीक होती त पडीक, पन माही होती. आता त्याईचा डोंगर." तिने डम्पकडे विळा दाखवला. "शंभर खेपा मले म्हनला तो साहेब, बाई, जमिनीत काही नाही तुमच्या, काहून रडता. म्हनलं, काही नाही म्हनता त घेता काहून?"

कंपनीचा एक सुपरवायझर, तलाठी आणि दोन मजूर आले होते. सुपरवायझर तरुण होता आणि त्याला घाई होती. डम्पचं टोक कबरीपासून दोनशे फुटांवर आलं होतं. वरून अधूनमधून एखादा दगड गडगडत खाली येई.

क्रूस तिरका झाला होता. सुपरवायझरने त्याच्या पायाशी बूट टेकवला. "इथेच ना?"

"नाही," पास्कल म्हणाला.

गवतात त्याने पाइप शोधला. गंजलेला, हातभर वर आलेला, त्यावर छिन्नीने ठोकलेला आकडा. ४१. पाइपपासून त्याने नदीच्या दिशेने अकरा फूट मापले, तिथून काटकोनात चार. बुटाच्या टाचेने रेघ मारली. क्रूस तिथून तीन फूट लांब होता.

"शुअर?" सुपरवायझरने विचारलं.

"ही बोअर मी मारलीय."

मजुरांनी खोदायला घेतलं. काळी माती अजून ओलसर होती, फावड्याला चिकटत होती. पास्कल काठावर उभा राहून बघत होता. तीन फुटांवर एका मजुराने घाम पुसला आणि विचारलं, आणखी किती. "पाच," पास्कल म्हणाला. मजूर आपसांत काहीतरी बोलले. सात फुटांच्या जवळ फावड्याचा आवाज बदलला आणि पिवळं दिसलं. पास्कलने आयुष्यभर ही जमीन बोटभर जाडीच्या तुकड्यांत बघितली होती. आता ती खड्ड्याच्या भिंतीत उभी होती, काळी सरळ खाली येऊन पिवळ्याला टेकलेली, मध्ये पांढरे खडे. एक मुळी काळ्यातून पिवळ्यात शिरली होती.

"आता थांबा," तो म्हणाला. "वर या."

तो शिडीने खाली उतरला. पुढचा मुरूम त्याने हाताने आणि करणीने काढला. फळ्या बऱ्याच कुजल्या होत्या, पण एका तुकड्यावर पन्हाळ अजून दिसत होती. तो पायांच्या बाजूला गुडघ्यावर बसला. हात पुढे केला आणि तसाच राहिला.

वरून सुपरवायझर म्हणाला, "काका, वेळ होतोय."

"तू गप रे," जिजाबाई म्हणाली आणि शिडीवरून खाली उतरायला लागली. खड्डा दोघांना पुरेसा नव्हता. ती डोक्याच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"पाय तर तिचे लहानच होते," ती म्हणाली. "माही चप्पल तिले सैल व्हायची. आठवते का, बैलपोळ्याले?"

"आठवतं," पास्कल म्हणाला.

त्याने पहिलं हाड उचललं. ते हलकं होतं. हातात धरून त्याने बघितलं आणि त्याला कळलं की यात घाबरण्यासारखं काही नाही. मग तो भराभर काम करत गेला, पायांकडून, बेलाने सांगितलं तसं. जिजाबाईने कापड धरलं. ती मधूनमधून बोलत होती, सालोमीने तिला पाव करायला शिकवलं ते, आणि तिच्या चुलीवर तो कसा दगड झाला ते. डोकं पास्कलने शेवटी उचललं. तेव्हा तिने पदर पुढे ओढला.

वर आल्यावर तलाठ्याने कागदावर सही घेतली. मजूर फावडी खांद्यावर टाकून निघाले.

"खड्डा भरा," पास्कल म्हणाला.

"कशाला?" सुपरवायझर म्हणाला. "महिन्याभरात इथे डम्प येणार. आपोआप भरेल."

"तो तुमचा डम्प. हा खड्डा माझा आहे."

सुपरवायझरने मजुरांना हात केला. त्यांनी आधी पिवळं टाकलं, मग काळं. पास्कल शेवटचं फावडं पडेपर्यंत उभा राहिला. जिजाबाईच्या घरी त्याने भाकरी खाल्ली, तिच्या विहिरीचं पाणी प्याला आणि संध्याकाळच्या बसने निघाला. कापडाचं गाठोडं पत्र्याच्या पेटीत होतं. पेटी त्याने सगळ्या वाटेत मांडीवर ठेवली.

*

बेलाने ओट्यावर चटई टाकून ठेवली होती. शेजारी पितळी कळशी, पाण्याने भरलेली. कॉन्रॅड आणि त्याची बायको विनी दाराशी उभे होते.

पास्कलने गाठोडं सोडलं. बेलाने वाकून बघितलं आणि तिचा हात मध्येच थांबला. तिने आजवर बघितलेली हाडं रेतीतली होती, पांढरी. ही पिवळी होती. उतू गेलेल्या हळदीच्या दुधाने जमीन रंगावी तशी.

"मुरूम," पास्कल म्हणाला.

बेलाने एक हाड उचललं. कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन ते धुतलं, अंगठ्याने घासलं. पाणी स्वच्छच गळलं. रंग गेला नाही. तिने पुन्हा घासलं.

"हे जानार नाही," ती म्हणाली.

"नाही. सात वर्षं मुरलंय."

"लग्नाच्या आदल्या दिवशी अशीच दिसत होती. हळद उतरेना म्हनून ही रडली होती." तिने हाड परत कापडावर ठेवलं. "राहू दे. मला वाटलं होतं, काळी येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेनंतर फादर सिमेट्रीत आले. घरची कबर उघडली होती. रेती मऊ होती, अर्ध्या तासात खड्डा तयार झाला होता. पास्कलने सवयीने आत बघितलं. सगळी एकच रेती, वरपासून खालपर्यंत, शिंपल्यांच्या कपच्यांसकट. तळाशी ओल चढलेली. गाठोडं ठेवलं. फादरनी प्रार्थना केली. बेलाने मूठभर रेती टाकली, मग कॉन्रॅडने, विनीने.

"पाच-सहा वर्षांनी पुन्हा उघडतील," बेला पास्कलला म्हणाली. ती त्याच्या दंडाला धरून उभी होती. "तेव्हा मी नसेन. बहुतेक मलाच ठेवायला उघडतील."

"उघडू देत."

"तिला तेव्हा कोन काढेल वर? कॉन्रॅडला जमायचं नाही. तो रक्त बघून चक्कर येऊन पडतो."

"मी आहे ना," पास्कल म्हणाला. "मी उतरेन."

बेलाने मान डोलवली आणि दंड सोडला. पास्कलने बाजूला पडलेलं फावडं उचललं आणि तो रेती ओढू लागला.